ब्रेकमावशींची नोकरी गेली असती तर

ब्रेकमावशींना चालत्या गाडीत गप्पा खपत नसत. "गाडी चालू असताना रस्ता बोलतो, आपण ऐकायचं," असं त्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी बजावत. ड्रायव्हिंग स्कूल त्यांचं एकटीचं. एक खोली, एक टेबल, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि दाराशी एक पांढरी गाडी. त्या गाडीत ब्रेक दोन, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि दुसरा मावशींच्या. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी गाडी शिकवली होती, आणि उरलेल्या निम्म्यांना त्या येताजाता नावं ठेवत. हे टोपणनाव कोणी पाडलं ते कोणालाच आठवत नव्हतं. मावशींना मात्र ते आवडायचं. नुसत्या मावशीला कोण विचारतो, त्या म्हणत.

पण गाडीचं आता वय झालं होतं. क्लच घसरत होता, खालचा पत्रा गंजला होता, आणि वळताना पुढच्या चाकातून असा आवाज यायचा की शिकणाऱ्याला वाटे आपलंच काहीतरी चुकलं. सरकारी तपासणी तोंडावर आली होती. तपासणीत गाडी पास झाली नाही तर शाळेचा परवाना नव्याने मिळणार नव्हता. गॅरेजवाल्याने गाडीखालून डोकं बाहेर काढलं, हात पुसले आणि खर्चाचा आकडा सांगितला. म्हणजे नाकापेक्षा मोती जड. मावशी त्याला "विचार करते" म्हणाल्या. खरं तर विचार करायलासुद्धा त्यांच्याकडे पैसे नव्हते.

हे कळल्यावर मावशींच्या मुलाला आनंद झाला. तो वाईट नव्हता हो, उलट फार चांगला होता, आणि तीच पंचाईत होती. तो तासाभराच्या अंतरावर दुसऱ्या गावात राहायचा. आईच्या गुडघ्याची, आईच्या डोळ्यांची आणि आईच्या शेजारी बसून गाडी शिकणाऱ्या अनोळखी माणसांची काळजी तो रोज फोनवरून करायचा.

"आई, आता पुरे झालं. गाडी भंगारात दे आणि आमच्याकडे ये. मागच्या खोलीला रंगही लावून ठेवलाय."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस."

दुरुस्तीचे पैसे तो द्यायला तयार होता, पण मावशी घेणार नव्हत्या. मुलाच्या पैशांनी सुधारलेली गाडी मुलाची होते. मग संध्याकाळनंतर चालवू नकोस, हायवेला नेऊ नकोस, जाड्या माणसाला शिकवू नकोस, हे सगळं मागोमाग येतं. वाद मिटवायला म्हणून त्या बोलून गेल्या, "तपासणीपर्यंत माझं मला जमलं तर शाळा चालेल. नाही जमलं तर येते तुझ्याकडे राहायला." शब्द तोंडातून गेला आणि मावशींना लगेच पस्तावा झाला. त्यांना जायचं नव्हतं. मुलावर जीव होता, नातवंडांवर तर दुप्पट होता, पण सकाळी उठून गाडीची किल्ली हातात घ्यायची नाही ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती. जन्मभर दुसऱ्याला स्टिअरिंग देऊन स्वतः शांत बसलेल्या बाईला आता कोणाच्या तरी मागच्या सीटवर बसावं लागणार होतं.

त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी मुलगा आणि सून भेटायला आले. सून एका फ्रिजच्या कंपनीत तक्रारी ऐकण्याच्या कामाला होती. दिवसभर लोकांची बोलणी खायची आणि महिन्याला पगार घ्यायची. मुलगा आत कपाटं मोजत होता, कुठलं न्यायचं आणि कुठलं विकायचं ते ठरवायला. सून मावशींसमोर चहा घेऊन बसली.

"अहो आई, या गाडीसाठी कर्ज काढलं होतंत ना? तेव्हा त्याच्यावर विमा घातला होता का कोणी? गाडीचा नाही, कर्जाचा."

"होता की. बँकेच्या त्या टाय लावलेल्या माणसानं, टायवाल्यानं, गळ्यात मारला. आता फिटलं बाई सगळं, कधीच फिटलं."

"कशाचा विमा होता तो?"

"माझी नोकरी गेली तर हप्ते ते भरणार, असं काहीतरी."

सुनेने कप खाली ठेवला. "तुमची कुठली नोकरी?"

मावशी बोलायला गेल्या आणि थांबल्या. टेबलाकडे पाहिलं, भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं, दाराशी उभ्या गाडीकडे पाहिलं. "खरंच की," त्या म्हणाल्या. "मला नोकरीवरून काढणार कोण? मीच?"

"तुम्ही तुम्हाला नोटीस दिली असती."

"आणि मी ती घेतली नसती."

दोघी इतक्या हसल्या की मुलगा टेप हातात घेऊन बाहेर आला. सुनेने मग नीट समजावून सांगितलं. असले विमे कित्येकांच्या माथी मारले होते, ज्यांना त्यांचा कधी काडीचाही उपयोग होणार नव्हता अशांच्याही. आता लोक तक्रार करून पैसे परत मिळवत होते, भरलेला विमा आणि वर व्याज. "कागद कुठे आहेत तुमचे?" तिने विचारलं.

मावशींचा चेहरा पडला. तो का पडला, ते सांगायला हवं. मावशींची शिकवायची एक रीत होती. गाडी मागे कशी घ्यायची, चौकात कुठल्या रांगेत थांबायचं, दोन गाड्यांच्या मधे आपली कशी घालायची, हे त्या तोंडाने सांगत नसत, चित्र काढून देत. हाताला लागेल त्या कागदाच्या पाठीवर चित्र काढायचं आणि विद्यार्थ्याला म्हणायचं, घरी ने, उशाशी ठेव. कर्ज फिटलं त्या वर्षी त्यांच्या हाताला कर्जाची फाइल लागली होती. कागद जाड, पांढरेशुभ्र, एका बाजूला बारीक अक्षरं आणि दुसरी बाजू कोरी. चित्राला याहून चांगला कागद त्यांना जन्मात मिळाला नव्हता.

"सगळे दिले?" मुलाने विचारलं.

"पुठ्ठासुद्धा. त्याच्या छोट्या गाड्या कापल्या, टेबलावर फिरवून दाखवायला." मावशी खिन्नपणे म्हणाल्या, "निम्मं गाव माझ्या कर्जाच्या पाठीवर पार्किंग शिकलंय."

मुलाच्या मते विषय तिथेच संपला होता, आणि त्याने पुन्हा कपाट मोजायला घेतलं. पण मावशींच्या जिवाला आता आशा चिकटली होती. दुसऱ्या दिवशी त्या बँकेत गेल्या. जुनी बँक दुसऱ्या एका मोठ्या बँकेत विलीन झाली होती. पाटी नवी, सोफा नवा, काचेमागचा तरुणही नवा. त्याने सगळं अगदी नम्रपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मूळ कागद आणा."

"मूळ कागद नाहीत, तेच तर सांगतेय."

"मग ते मिळाले की या."

मावशींनी आणखी दोनदा सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. बाहेर पडताना मात्र त्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की केली. कागद गावात वाटलेत ना, मग गावातूनच गोळा करायचे. तो आठवडा त्यांनी जुन्या विद्यार्थ्यांना फोन करण्यात घालवला. आधी तब्येत विचारायची, मग गाडी कशी आहे विचारायचं, मग हळूच चित्राचं काढायचं. ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार. एकीने ते चित्र परीक्षा पास झाल्याच्या आनंदात फाडून टाकलं होतं. एकाला वाटलं मावशी नवीन चित्र द्यायला तयार आहेत, आणि त्याला ते हवंच होतं, कारण त्याला अजून पार्किंग जमत नव्हतं.

चष्मेवाल्याने मात्र चित्र जपून ठेवलं होतं. दुकानातल्या काउंटरच्या काचेखाली, डोळे तपासायच्या अक्षरांच्या शेजारी. तो स्वतः ते घेऊन आला, कडा न दुमडता, दोन पुठ्ठ्यांच्या मधे. मावशींनी घाईघाईने कागद उलटला. कर्जदाराने पत्ता बदलल्यास बँकेला कळवावे, इतकंच त्या पानावर होतं.

"उपयोग झाला का?" चष्मेवाल्याने विचारलं.

"फार झाला," मावशी म्हणाल्या. एवढं जपून घेऊन आलेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार? त्यांनी त्याला चहा पाजला. जाताना त्याने गाडी सुरेख मागे घेतली, हेही त्यांनी नाइलाजाने पाहिलं.

त्या दिवशी सुनेचा फोन आला तेव्हा मावशींनी हे सगळं तिला रडवेल्या आवाजात सांगितलं. सुनेने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अहो आई, काखेत कळसा आणि गावाला वळसा. कागद कशाला शोधताय? गाडी बँकेकडे तारण होती ना? मग तिचा नंबर त्यांच्या दप्तरात असणारच. गाडी दारात उभी आहे. नंबर लिहा, तुमचं नाव लिहा, तेव्हाचा पत्ता लिहा. त्यांचे कागद त्यांनी शोधायचे. तुम्ही फक्त काय झालं ते सांगायचं."

"ते काचेमागचं पोरगं ऐकत नाही ग."

"त्याच्याकडे जायचंच नाही. तक्रार विभागाला लिहायचं. आणि तक्रार कशी लिहायची ते मला विचारा, मी दिवसाला ढीगभर वाचते. शिव्या असलेलं पत्र आम्ही शेवटी वाचतो. रडगाणं असलेलं मधे कधीतरी. काय घेतलं, काय सांगितलं, का चुकीचं आणि काय हवंय, एवढंच लिहिणाऱ्याची आम्हाला भीती वाटते."

मावशींनी तसंच लिहिलं. सुनेने त्यातली टायवाल्याच्या घराण्यावरची दोन वाक्यं तेवढी काढून टाकली. काही दिवसांनी उत्तर आलं की मूळ कागदांशिवाय विचार करता येणार नाही. मावशींचा धीर सुटला, पण सून शांत होती. "पहिला नकार म्हणजे नुसता रामराम असतो, आई. आम्हीपण असंच करतो. अर्धे लोक तिथेच गप्प बसतात." तिने पुन्हा तेच पत्र पाठवायला लावलं आणि खाली एक ओळ वाढवली. तुमच्याकडे माझ्या कर्जाची नोंद नसेल तर नाही असं लेखी द्या, ते घेऊन मी बँकांच्या वरच्या तक्रार कार्यालयात जाते. नाही असं लेखी द्यायला कोणाला आवडतं? बँकेकडून फोन आला. तक्रार विभागातल्या बाई शुक्रवारी मावशींशी बोलणार होत्या.

इकडे तपासणीची तारीखही जवळ येत होती. गुरुवारी मुलाचा फोन आला. त्याला आई जिंकावी असंही वाटत होतं आणि आई घरी यावी असंही, त्यामुळे त्याचा सल्ला जरा तिरपा होता. "कागद मिळाले होते का असं विचारलं तर मिळालेच नाहीत म्हण. केस पक्की होईल. नाहीतर म्हणतील, हातात दिलं होतं, वाचलं का नाहीस?"

मावशींना ते पटलं. वाचलं का नाही, याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. रात्रभर त्यांनी 'नाही मिळाले' म्हणण्याची तालीम केली.

शुक्रवारी फोन वाजला. तक्रार विभागातल्या बाईंचा आवाज कोरडा होता, पण ऐकून घेणारा होता. टायवाल्याने नक्की काय सांगितलं, असं त्यांनी विचारलं.

"विम्याशिवाय कर्ज पास होत नाही म्हणाला."

"हे कुठे सांगितलं? शाखेत?"

"गाडीत. मी शोरूमची गाडी चालवून बघत होते आणि तो मागच्या सीटवर बसला होता. चौक आला, उजवीकडून ट्रक आला, आणि याचं तोंड चालूच. मला चालत्या गाडीत बोललेलं खपत नाही. मी म्हटलं, हो हो, घाला काय घालायचं ते."

"म्हणजे तुम्ही होकार दिलात."

"तो गप्प बसावा म्हणून दिला. ट्रक होता हो."

पलीकडे काहीतरी टाइप केल्याचा आवाज आला. मग बाईंनी तो प्रश्न विचारला. "विम्याचे कागद तुम्हाला मिळाले होते का?"

तालीम केलेलं वाक्य जिभेच्या टोकावर होतं. शाळा, परवाना, दाराशी उभी गाडी, रंग लावलेली मागची खोली, सगळं त्या एका शब्दावर येऊन थांबलं होतं. पण मावशींनी जन्मभर पोरांना एकच सांगितलं होतं की ठोकलंत तर पळायचं नाही, थांबायचं आणि सांगायचं. स्वतःवर वेळ आल्यावर पळायचं, हे त्यांना जमेना. त्यांना स्वतःचा रागही आला.

"मिळाले होते," त्या म्हणाल्या. "सगळेच्या सगळे. मी न वाचता त्यांच्या पाठीवर चित्रं काढली आणि लोकांना वाटली."

"चित्रं?"

"रिव्हर्स पार्किंगची."

पलीकडे पुन्हा टाइप केल्याचा आवाज आला. मावशींनी मनातल्या मनात शाळेच्या खोलीचा निरोप घेऊन टाकला.

"बरं झालं खरं सांगितलंत," बाई म्हणाल्या. "कागद मिळाल्याची तुमची सही आमच्याकडे आहे. तुम्ही नाही म्हणाला असतात तर मला तुमचा प्रत्येक शब्द तपासत बसावं लागलं असतं. तुमचा अर्ज सापडलाय. त्यात व्यवसायासमोर 'स्वतःचा' असं आमच्याच माणसानं लिहिलंय, आणि त्याच्याच खाली नोकरी जाण्याचा विमा घातलाय. कागद तुम्ही वाचले असतेत तरी तो विमा तुमच्या कामाचा नव्हता. ही चूक तुमची नाही, विकणाऱ्याची आहे."

"मग आता?"

"आता मला तुम्हाला पुढे काही विचारायचं नाही. पैसे परत देण्याची शिफारस करते." मग त्यांचा आवाज थोडा खाली आला. "ते चित्र अजून काढून देता का? माझ्या घरासमोरची जागा फार चिंचोळी आहे."

मावशींनी त्यांना फोनवरच तोंडी समजावलं, आणि जन्मात पहिल्यांदाच त्यांना कागदाची उणीव भासली नाही.

पैसे आले. भरलेला विमा, त्याच्यावर बँकेने कर्जाबरोबर लावलेलं व्याज आणि इतक्या वर्षांचं वर थोडं. फार मोठं घबाड नव्हतं. क्लच झाला, पुढचं चाक झालं, खालचा पत्रा झाला. रंगाला उरले नाहीत, त्यामुळे दाराचा पोचा तसाच राहिला. गॅरेजवाल्याने शेवटचा नट आवळून सांगितलं की आता गाडी मावशींपेक्षा जास्त टिकेल. मावशींनी ते शुभेच्छा म्हणून घेतलं.

तपासणीला सून सोबत आली, खास रजा काढून. तपासनिसाने गाडी उचलून पाहिली, दिवे पाहिले, दोन्ही ब्रेक दाबून पाहिले, आणि कागदावर शिक्का मारला. मावशींना रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं ते हसू. दोघी तपासणीच्या आवाराबाहेर बाकावर बसल्या, कागदी कपातला चहा घेऊन. सुनेने नवऱ्याला फोन करून कळवलं. तो आधी खूश झाला, मग त्याने विचारलं, त्या खोलीचं काय करायचं? सून म्हणाली, बघू.

मावशी तिच्याकडे बघत होत्या. गेले काही आठवडे एक प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला होता, पण तो विचारण्याची हिंमत त्यांना झाली नव्हती. पत्रं लिहायला लावणारी, धीर देणारी, रजा काढणारी ही मुलगी इतकी झटली ती कशासाठी? सुनेने सासूची शाळा वाचवायला जिवाचा आटापिटा करावा, हे कुठल्या घरात झालंय? आज शिक्का मिळाला होता, आता विचारायला हरकत नव्हती.

"एक विचारू का? खरं सांगशील?"

"विचारा ना."

"हे सगळं तू केलंस, ते मी तुमच्याकडे राहायला येऊ नये म्हणूनच ना?"

सुनेने कपात पाहिलं. मग मान वर केली. "हो," ती म्हणाली.

मावशींनी कप बाकावर ठेवला. हो ऐकायची तयारी होती, पण तरीही.

"सध्या ऑफिसात मी तुमच्याबद्दल फुशारक्या मारते," सून म्हणाली. "माझ्या सासूबाई या वयात लोकांना गाडी शिकवतात, सगळं गाव त्यांना ओळखतं, असं सांगते. मैत्रिणींना खरंसुद्धा वाटत नाही. तुम्ही आमच्याकडे आलात ना, की सहा महिन्यांत मी त्याच मैत्रिणींकडे तुमच्या तक्रारी सांगायला लागेन. तुम्ही माझ्या. नाही का? माझं कामच तक्रारी ऐकायचं आहे, आई. सुरुवात कशी होते ते मला माहीत आहे. मला तुमच्याबद्दल तसं काही बोलायचंच नाहीये."

आपल्याला कोणी घरी येऊ नका म्हणालं आणि आपला जीव सुखावला, असं त्यांच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. त्यांनी सुनेचा हात हातात घेतला आणि थोपटत राहिल्या. समोरून एक तपासणीला आलेली गाडी खोकत आत गेली.

"त्या खोलीत तू तुझं टेबल टाक," त्या शेवटी म्हणाल्या. "दार लावून बसत जा. मी जेवायला येईन अधूनमधून, आणि संध्याकाळी परत जाईन."

"मी सोडायला येईन."

"काही नको," मावशी म्हणाल्या. "माझी गाडी आहे."